उन्हाळ्याचा पगार : 'दहाचे बारा हप्ते' घ्यावे का? (तासिका, अर्धवेळ आणि रजेच्या जागेवरचे शिक्षक)

वैनगंगाकाठ | 5 मे 2025, रात्री 9:40

सर्वांना नमस्कार. भंडारा जिल्ह्यातल्या एका मोठ्या गावात, खाजगी संस्थेच्या शाळेत मी नववी-दहावीला गणित शिकवते. तुकडी विनाअनुदानित, मी कागदावर अर्धवेळ. अर्धवेळ म्हणजे नेमका किती वेळ ते विचारू नका. दहावीचे जादा तास, स्नेहसंमेलन, शाळेचं यूडायस (सरकारला द्यायची शाळेची माहिती) भरणं, सगळं आमच्याच गळ्यात.

नियुक्तीपत्र दरवर्षी शाळा उघडल्यावर हातात पडतं आणि त्यावर शेवटची तारीख 30 एप्रिल. मे-जूनचं मानधन नाही. यंदा संस्थेने नवी टूम काढली आहे. महिन्याला 12,000 प्रमाणे दहा महिन्यांचे 1,20,000 होतात, तेच बारा महिन्यांत 10,000 प्रमाणे देणार. सचिव म्हणाले, "मॅडम, आता तुम्हालाही परमनंटवाल्यांसारखा उन्हाळ्याचा पगार." 15 मेच्या आत संमतीपत्रावर सही मागितली आहे.

घरी सगळ्यांना पटलंय. जूनमध्ये बियाणं, खत आणि लेकरांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च एकदमच येतो. मला मात्र काहीतरी खटकतंय. कुणी असं घेतलं आहे का? काय बघून सही करावी?

पांढरं_सोनं | 5 मे, रात्री 10:05

घेऊन टाका ताई, कायले इचार करता. मे महिन्यात आमच्या आर्णीकडे किराणावाला मास्तर लोकाइले उधारी नाही देत, त्याले बराबर माहीत राह्यते का यायचा पगार बंद हाय. दहा तं दहा, पण महिन्याच्या महिन्याले येईन.

जुना_लिपिक | 6 मे, सकाळी 7:15

पांढरं सोनं भाऊ, थांबा जरा. मी शाळेच्या कार्यालयात हिशोबाचंच काम केलं आहे, म्हणून सांगतो. ताई, तुमच्या सचिवांनी तुम्हाला उन्हाळ्याचा पगार दिलेला नाही. तुमच्याच दर महिन्याच्या कमाईतले 2,000 कापून ठेवून ते मे-जूनमध्ये तुम्हाला परत करणार आहेत. वर्षाची बेरीज एक रुपयाने वाढलेली नाही. खरा सुट्टीचा पगार द्यायचा असता तर 12,000 बारा महिने दिले असते, म्हणजे 1,44,000. त्यातले 24,000 कुठे गेले ते विचारा.

आता खटकणारी जागा. समजा फेब्रुवारीअखेर तुम्हाला दुसरीकडे नोकरी लागली, किंवा संस्थेनेच थांबवलं. जुलैपासून आठ महिने झाले. तुमची कमाई 96,000, हातात पडले 80,000. उरलेले 16,000 संस्थेकडे. ते कधी मिळणार, मिळणार की नाही, याबद्दल संमतीपत्रात एक ओळ तरी आहे का? माझा अंदाज, नसेल. "सत्र मध्येच सोडल्यास शिल्लक देय राहणार नाही" असं असेल तर आणखी वाईट.

वैनगंगाकाठ | 6 मे, दुपारी 1:20

आत्ता काढून वाचलं. पहिली गोष्ट नाही आणि दुसरीही नाही. शिल्लक रकमेबद्दल एक अक्षर नाही. फक्त "मानधन बारा समान हप्त्यांत स्वीकारण्यास माझी हरकत नाही". आणि खाली नियुक्तीचा कालावधी पुन्हा तोच, 30 एप्रिलपर्यंत.

जुना_लिपिक | 6 मे, दुपारी 1:48

मग खरा घोळ तिथेच आहे. हप्ते बारा आणि नोकरी दहा महिन्यांची! मेमध्ये पैसे घेताना तुम्ही शाळेच्या कुणीच नसाल. पैशापेक्षा त्या तारखेवर भांडा.

रजेची_जागा | 6 मे, रात्री 8:30

माझं थोडं वेगळं आहे पण दुखणं तेच. मी बुलढाणा जिल्ह्यात एका अनुदानित शाळेत बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या मॅडमच्या जागी होते. त्यांची रजा 180 दिवसांची, मला ठेवलं संस्थेने, एकवट मानधनावर. एप्रिलमध्ये मॅडम शाळेच्या शेवटच्या दिवशी हजर झाल्या. हजेरीपटावर सही केली, पेढे वाटले, तासाभरात घरी. त्याच दिवशी दुपारी मला कार्यमुक्तीचं पत्र. उन्हाळ्याचा पगार त्यांना लागू झाला, मी रिकामी. मॅडमचा राग नाही हो, त्यांनाही तसं करायला कार्यालयानेच सांगितलं होतं. पण रजेचे सगळे महिने मुलांचे तास मी घेतले, पेपर मी तपासले, प्रगतीपुस्तकं मी लिहिली.

निवृत्त_गुरुजी | 7 मे, सकाळी 6:10

बेटा, ही चाल तुमच्या जन्माआधीची आहे. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी हजर व्हायचं आणि सुट्टी पदरात पाडून घ्यायची. आमच्या वेळी आजारपणाच्या रजेवरचे मास्तर काठी टेकत येऊन सही करून जात. त्यात त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, नियमच तसे आहेत. रजेच्या जागेवर आलेल्या माणसाचा विचार मात्र कोणत्याच कागदात केलेला नसतो.

आता कामाचं. खाजगी मान्यताप्राप्त शाळा, मग ती अनुदानित असो की विनाअनुदानित, 1977 च्या महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवाशर्ती) विनियमन अधिनियमात येते. त्याची नियमावली 1981 ची. त्यातला नियम 28 काढून वाचा. तात्पुरत्या कर्मचाऱ्याला काढायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा एक महिन्याचा पगार. आणि पुढचं वाक्य महत्त्वाचं : ज्याला सुट्टी लागू आहे त्याला ही नोटीस सुट्टीत देता येत नाही, सुट्टीचा कोणताही भाग नोटिशीच्या मुदतीत येईल अशीही देता येत नाही, आणि सुट्टी संपल्यावर एक महिन्याच्या आतही नाही. सुट्टीचा पगार वाचवायला माणूस काढतात, हे नियम करणाऱ्यांना तेव्हाच ठाऊक होतं.

काम_तसा_दाम | 7 मे, सकाळी 10:02

सॉरी, पण कडू बोलतो. उन्हाळ्यात शाळा बंद, काम बंद, मग पगार कशाचा? आमच्या घरी सोयाबीन आणि तूर. मार्च ते जून आम्हाला कोण मानधन देतं? शिक्षकांना आधीच सगळ्यात जास्त सुट्ट्या.

वैनगंगाकाठ | 7 मे, दुपारी 3:30

दादा, माझ्याही घरी धान आहे, मी शेतकऱ्याचीच सून. पण उन्हाळ्यात काम बंद असतं हे तुम्हाला कुणी सांगितलं? आमच्याकडे मे महिन्यात पोरं शोधायला जावं लागतं. प्रत्येक शिक्षकाला नव्या प्रवेशांचा आकडा ठरवून दिलेला आहे. सकाळी सातला, ऊन चढायच्या आत, दोघी-दोघींनी गावं वाटून घ्यायची. सातवी-आठवी पास झालेल्या लेकरांच्या घरी जायचं, आईबापांना समजवायचं, झेरॉक्स काढलेले आधार कार्ड आणि दाखल्यासाठी सही केलेला कोरा अर्ज घेऊन यायचं. परवा एका घरी गेलो तर आमच्या आधी दुसऱ्या दोन शाळांचे मास्तर येऊन गेले होते. एका शाळेने सायकल कबूल केली होती, दुसरीने बसचा पास. त्या माऊलीने विचारलं, "तुमची शाळा काय देते जी?" मी काय सांगणार? पेट्रोल माझ्या पदरचं. आकडा भरला नाही तर तुकडी तुटते, तुकडी तुटली तर पहिली मीच जाते. म्हणून मेमध्ये बिनपगारी जातेच.

कोर्टाची_पायरी | 7 मे, सायंकाळी 6:45

ताई, ही प्रवेशाची गोष्ट तुम्ही सहज सांगितली, पण तुमच्या बाजूचा सगळ्यात पक्का पुरावा तोच आहे. मी अमरावतीला वकिली करते. व्हॉट्सअपवर "उद्या अमुक गावी जाणे" असे निरोप येत असतील तर एकही पुसू नका. 30 एप्रिलला नोकरी संपली म्हणणाऱ्या संस्थेने 6 मेला काम कसं सांगितलं?

आता कायदा थोडक्यात, कारण इथे बरेच जण "लेबर कोर्टात जा" असं सांगतात. शिक्षकाला ती वाट बंद आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्ये, गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात, शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने 'कामगार' नाही असं ठरवलं. 1996 मध्ये हरियाणातल्या शाळांच्या प्रकरणात किमान वेतन कायदाही शिक्षकांना लागू नाही असं म्हटलं. म्हणजे तुमच्या शाळेचा शिपाई कामगार न्यायालयात जाऊ शकतो, तुम्ही नाही. ग्रॅच्युइटीचंही असंच झालं होतं. 2004 मध्ये कोर्ट म्हणालं शिक्षक त्यात बसत नाहीत, मग संसदेने 2009 मध्ये दुरुस्ती करून 3 एप्रिल 1997 पासून शिक्षकांना त्यात आणलं.

खाजगी शाळेतल्या शिक्षकासाठी दार आहे ते शाळा न्यायाधिकरणाचं, गुरुजींनी सांगितलेल्या 1977 च्या कायद्याच्या कलम 9 खाली. सेवा संपवल्याचा आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांत अपील. उशीर झाला तर सबळ कारण द्यावं लागतं. मात्र गुरुजींनी सांगितलेल्या नियम 28 वर सगळी भिस्त ठेवू नका. संस्था म्हणते, आम्ही काढलंच नाही, नियुक्तीची मुदतच संपली. मग वाद येतो तो जागा मुळात कायम स्वरूपाची होती का, निवड रीतसर झाली होती का, शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता होती का, यावर. यातलं शेवटचं बहुतेकांचं नसतं.

पांढरं_सोनं | 7 मे, सायंकाळी 7:10

म्हंजे शिपायापेक्षाही आपण खाली. बेस झालं बाप्पा.

संस्थेचा_माणूस | 8 मे, सकाळी 9:25

वर्धा जिल्ह्यात छोटी इंग्रजी शाळा चालवतो. शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो आहे.

विनाअनुदानित शाळेचा पैसा म्हणजे फी. गावाकडे फी येते कापूस आणि सोयाबीन विकल्यावर, दिवाळीनंतर संक्रांतीपर्यंत. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) 25 टक्के जागांची प्रतिपूर्ती सरकारकडे वर्षानुवर्षं थकलेली. मे-जूनमध्ये खात्यात खडखडाट असतो. त्यामुळे दहा महिन्यांचं मानधन बारा महिन्यांत वाटणं हे संस्थेलाही सोपं नाही, उलट मेमध्ये पैसे उभे करावे लागतात. सगळेच लबाडी करतात असं नाही.

पण 30 एप्रिलची तारीख कशासाठी असते ते मला विचारा. सेवा सलग दिसू नये म्हणून. वकिलांनी सांगितलेलं असतं. आम्ही दोन वर्षांपूर्वी ती तारीख काढून सत्र "1 जुलै ते 30 जून" केलं, आभाळ कोसळलं नाही.

जुना_लिपिक | 8 मे, सकाळी 11:00

संस्थेचा माणूस साहेब, दाद देतो. एक विचारू? मेमध्ये पैसे उभे करावे लागतात म्हणता, पण हे 2,000 तर जुलैपासून तुमच्याकडे जमा होत आलेले असतात. ते वेगळ्या खात्यात ठेवता का?

संस्थेचा_माणूस | 8 मे, सकाळी 11:35

नाही. खरं सांगतो, ते त्या-त्या महिन्याच्या वीजबिलात जातात.

अबूझ_पाऊलवाट | 8 मे, रात्री 9:50

गडचिरोलीहून. आमच्याकडे हा प्रश्न तेंदूपत्त्याने सोडवलेला आहे, म्हणजे शिक्षकाने आपला आपण सोडवलेला आहे. तासिकेवरचे निम्मे मास्तर मेमध्ये फळीवर, म्हणजे पान गोळा करायच्या जागी, मुन्शी. पहाटेपासून लोक पान तोडतात, दुपारनंतर 70 पानांचे पुडे घेऊन फळीवर येतात, मुन्शीने मोजायचे, कार्डावर मांडायचे. ज्या बाईचं पोरगं वर्षभर माझ्या वर्गात बसतं तिचे पुडे मी मोजतो. ती म्हणते, "गुरुजी, तुमी बी?" लाज वाटत नाही, कामच आहे. ग्रामसभेचा लिलाव चांगला गेला तर वीस दिवसांत शाळेच्या महिन्यापेक्षा जास्त सुटतात. पण अवकाळी आला की पान काळं पडतं आणि हंगाम आठ दिवसांत गुंडाळतो.

आणखी एक, जे पुण्या-मुंबईच्या लोकांच्या ध्यानात येत नाही. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उशिरा उघडतात. यंदा बाकी राज्यात 16 जून, आपल्याकडे 23 जून. कायम शिक्षकाला ती आठ दिवसांची जादा सुट्टी. तासिकावाल्याला आठ दिवस जादा उपास.

जि_प_शाळा_पाचवी | 9 मे, दुपारी 12:40

जिल्हा परिषदेकडचंही लिहून ठेवते. सप्टेंबर 2024 च्या शासन निर्णयाने कमी पटाच्या शाळांवर कंत्राटी शिक्षक घ्यायचं ठरलं, महिना 15,000, वर्षाला एकूण 12 रजा, बाकी काही लाभ नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये तो निर्णयच रद्द झाला, जे लागले होते त्यांना मुदतीपर्यंत ठेवायचं ठरलं. मी त्यातली. मेचं मानधन निघणार का हे विचारायला तालुक्याला गेले तर एका टेबलावर "निघेल", दुसऱ्यावर "सत्र संपलं". लेखी द्या म्हटलं तर दोन्ही टेबलं जेवायला गेली.

शेजारच्या खोलीत युवा कार्यप्रशिक्षण योजनेतला पोरगा आहे, पदवीधर, 10,000 विद्यावेतन. तोही पहिली-दुसरी सांभाळतो. एकाच शाळेत तीन प्रकारचे मास्तर, मुलांना काही फरक कळत नाही.

टेम्सकाठची_वऱ्हाडीण | 9 मे, रात्री 11:30

मूळची अकोल्याची, इंग्लंडमध्ये शाळेत आहे. इथल्या एका प्रकरणाची गोष्ट तुमच्या हिशोबाला उपयोगी पडेल.

इथे प्रत्येक नोकरदाराला वर्षाला 5.6 आठवडे पगारी सुट्टीचा हक्क आहे. एक वाद्यशिक्षिका होती, ब्रेझेल नावाची. तासावर पैसे, शाळेच्या सुट्टीत काम नाही. शाळा तिला कमाईच्या 12.07 टक्के सुट्टीचे म्हणून द्यायची. हा आकडा कुठून आला? वर्षाचे 52 आठवडे, त्यातून सुट्टीचे 5.6 वजा, उरले 46.4. आता 5.6 भागिले 46.4, म्हणजे 12.07 टक्के. ती म्हणाली, हे कमी पडतं. जुलै 2022 मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला : वर्षातले काही महिनेच काम असलं तरी करार वर्षभराचा असेल तर पूर्ण 5.6 आठवडे, आणि तेही काम केलेल्या आठवड्यांच्या सरासरीने. मग सरकारने नियमच बदलले. 1 एप्रिल 2024 ला किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या सुट्टीच्या वर्षापासून अशा लोकांना पुन्हा 12.07 टक्क्यांचा हिशोब लागू झाला. म्हणजे जिंकलेलं निम्मं परत गेलं.

पण त्या नियमातली एक गोष्ट मला आवडते. सुट्टीचे पैसे दर महिन्याच्या पगारातच मिसळून दिले तर पावतीवर ते वेगळे दाखवावे लागतात. कामाचे इतके, सुट्टीचे इतके. तासाला 100 रुपये असतील तर वर 12 रुपये, वेगळ्या ओळीत. वैनगंगा ताई, तुमच्या 10,000 च्या पावतीवर काय लिहिलेलं असेल?

वैनगंगाकाठ | 10 मे, सकाळी 8:15

पावती? ताई, आमच्याकडे व्हाउचरवर सही.

कोर्टाची_पायरी | 10 मे, सकाळी 9:05

व्हाउचर असेल तर सही करताना शेजारी तारीख आपल्या हाताने घाला आणि फोटो काढा. बँकेत जमा होत असेल तर आणखी चांगलं. भविष्य निर्वाह निधी कापत असतील तर त्याचं पासबुक दर महिन्याचं सांगतं, खाडा कुठे पडला तेही. वीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या शाळेला तो कायदा लागू आहे, आणि तिथे 'शिक्षक कामगार नाही' वगैरे पळवाट चालत नाही.

संमतीपत्रावर सही करायला ना नाही. पण त्यासोबत अर्ज द्या, दोन प्रती, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का. भाषा गोड ठेवा. मजकूर असा :

"बारा हप्त्यांच्या प्रस्तावास माझी संमती आहे. मात्र (1) नियुक्तीचा कालावधी हप्त्यांच्या कालावधीइतकाच, म्हणजे 1 जुलै ते 30 जून असावा. (2) सेवा मध्येच संपल्यास, कारण काहीही असो, तोवर कमावलेली शिल्लक रक्कम 30 दिवसांत मिळावी. (3) सुट्टीच्या काळात प्रवेश, निकाल किंवा इतर काम सांगितल्यास ते उपस्थितीपटावर नोंदवून त्याचे मानधन वेगळे मिळावे."

संस्थेचा_माणूस | 10 मे, दुपारी 2:20

दुसरी अट लगेच मान्य होईल, तिला पैसे लागत नाहीत. पहिलीवर सचिव वकिलाला फोन करेल. तिसरी एकटीने मागू नका, सगळ्या अर्धवेळवाल्यांनी मिळून मागा. एकटी मागाल तर पुढच्या वर्षी वेळापत्रकात तुमचे तास कमी दिसतील. आतली गोष्ट सांगतोय.

काम_तसा_दाम | 10 मे, रात्री 8:00

प्रवेशाचं ते वाचलं. आमच्याही दारात परवा दोन मॅडम येऊन गेल्या, भर उन्हाच्या. त्या बिनपगारी फिरत असतील असं वाटलं नव्हतं. तिसरी अट बरोबर आहे. सुट्टीच्या पगाराबद्दल माझं मत अजून तेच, पण केलेल्या कामाचे पैसे मिळालेच पाहिजेत.

निवृत्त_गुरुजी | 11 मे, सकाळी 6:00

काम_तसा_दाम, इतकं आलात हेही खूप. शेतकऱ्याला उन्हाळ्यात कुणी देत नाही हे खरं, पण त्याला उन्हाळ्यात दुसऱ्याच्या शेतावर फुकट नांगरायलाही कुणी बोलावत नाही.

वैनगंगाकाठ | 14 मे, रात्री 10:10

काल दहावीचा निकाल लागला, त्या गडबडीत लिहायला उशीर झाला. आम्ही चौघी अर्धवेळ, त्यातल्या तिघींनी मिळून अर्ज दिला. चौथीच्या घरून नको म्हणाले. आवक क्रमांक घ्यायला लिपिक कुरकुरला, "घरचीच शाळा, शिक्का कशाला?" म्हणाला. गणिताचा निकाल नुकताच लागला होता, मुख्याध्यापक खुशीत होते, त्यांनी स्वतः मारून दिला.

आज सचिवांनी बोलावलं. दुसरी अट मान्य, संमतीपत्रावर पेनाने लिहून सही केली. पहिलीवर "बघतो", जसं संस्थेचा माणूस भाऊंनी सांगितलं होतं अगदी तसंच. कार्यकारिणीची बैठक जूनमध्ये आहे, तिच्यात ठेवतो म्हणाले. तिसरीवर थोडे तापले, मग म्हणाले मानधन नाही पण पेट्रोलचे देऊ. आम्ही म्हटलं, ठीक, पण उपस्थितीपट सुरू करा. तो उद्यापासून सुरू होतोय, तारखेसकट.

कोर्टाची_पायरी | 14 मे, रात्री 10:25

पेट्रोलपेक्षा तो पट महाग आहे. रोज सही करा, आणि दर शनिवारी पानाचा फोटो.

रजेची_जागा | 15 मे, सकाळी 7:40

ताई, तुमच्या अर्जाचा फोटो टाकता का? मला जुलैत पुन्हा एका रजेच्या जागेवर बोलावलं आहे. यावेळी ज्यांच्या जागी जाते आहे त्या मॅडम दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी हजर झाल्या तर काय, हे आधीच लिहून मागणार आहे.

वैनगंगाकाठ | 15 मे, सकाळी 8:05

दुपारी टाकते, शाळेचं नाव झाकून. तुमच्या अर्जात सुट्टीसाठी वेगळं कलम लागेल. कोर्टाची पायरी ताईंना विचारा, इथेच विचारा, आम्हालाही कळेल.